स्वल्पविराम

बसवनगुडीतल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात शनिवारी प्रकट वाचन असायचं. ग्रंथपाल अण्णा निपाणीकडचे. "स्वल्प पुढं सरका, अक्का," असं 'थोडं'साठी कानडी 'स्वल्प' वापरत खुर्च्या लावायचे आणि पाच मिनिटं झाली की टेबलावरची घंटी वाजवायचेच. अध्यक्षसुद्धा त्यातून सुटले नाहीत.

आजारपणानंतर आई पहिल्यांदाच वाचायला उभी राहिली. तिसऱ्या ओळीत एका शब्दापाशी अडकली ती अडकलीच. पाच मिनिटं संपली. लोक चुळबुळू लागले. अण्णांचा हात घंटीपर्यंत गेला, पण घंटी वाजली नाही. उलट तेच लोकांवर खेकसले, "गप बसा की! तिथं स्वल्पविराम आहे. थांबायचंच असतंय."

आई हसली आणि पुढचा शब्द सापडला.

ती गेल्यावर मी ते पुस्तक घरी आणलं. त्या ओळीत स्वल्पविराम नाहीच.