आधी राखणदाराला, मग पाहुण्यांना

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट लिहितो.

माझी धाकटी वैशाली नाशिककडच्या एका छोट्या वायनरीत वाईन बनवते. आज आमच्या आरे-वारेच्या समुद्रकिनारी पाहुण्यांना तिची झिनफॅन्डेल ही लाल वाईन चाखायला ठेवली होती. मी सातवी शिकलेला माणूस. आपलं काहीतरी चुकेल आणि चारचौघांत पोरीला खाली बघावं लागेल, हीच धास्ती.

आणि चुकलंच! ग्लास हातात येताच सवयीने बोट बुडवलं आणि जागा सांभाळणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या नावाने दोन थेंब शिंपडले. ते नेमके पांढऱ्या टेबलक्लॉथवर.

पुण्याचे एक पाहुणे म्हणाले, "काका, माशी पडली का हो?" सगळे हसले. मला घाम फुटला.

वैशाली पुढे आली. तिनेही ग्लासात बोट बुडवून थेंब शिंपडले. "आमच्याकडे आधी राखणदार पितो, मग माणसं. पहिलं पिंप उघडलं तेव्हाही मी हेच केलं होतं."

मग त्या पुण्याच्या पाहुण्यांनीही बोट बुडवलं.

चव म्हणाल तर कोकमाच्या रातांब्यासारखी आंबटगोड, मागाहून मिरीचा चटका. मी परत मागून घेतली.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं हो. तुमच्या पोरांनी तुमच्या नकळत काय उचललंय?