लाल टिंबाची पुडकी

हसायचं नाही हं, असं आधीच सांगतो; तरी तुम्ही हसणारच! जो गाढवपणा मी केला, तो आमच्या हिलासुद्धा अजून सांगितलेला नाही.

आखाती युद्धाचे दिवस. आम्ही सौदीत, जेद्दाच्या अझीझिया भागात. खिडक्यांना चिकटपट्ट्या, उशाशी रेडिओ, कंपनीने सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केलेल्या. आणि त्यातच आमची चिमी जन्मली! पुण्याहून आजीकडचे चांदीचे वाळे यायचे होते. पण आणणार कोण? हिचा चेहरा एवढासा झाला.

खाली हसनभाईचं किराणा दुकान. माणूस रत्नागिरीचा. सुट्ट्या पैशांसाठी बँकेतून नाण्यांची पुडकी आणायचा; तिथे शंभर हलालांचा एक रियाल. एक दिवस आला तो नाचतच.

"वहिनी, हे बघा! पन्नास हलालांच्या पुडक्यात जुना अर्धा रियाल. अस्सल चांदी!"

"अगंबाई!" ही म्हणाली. "नशीब लागतं हो!"

म्हणजे मला नाही? असा जळलो म्हणून सांगू! मी इंजिनियर, आणि चांदी सापडते कुणाला? तर साबण-बिस्किटं विकणाऱ्याला!

"चिमी उभी राहायच्या आत वाळे करतो," मी छातीठोक सांगितलं. "बँकेतल्या चांदीचे!"

"अहो, बाजारातून आणा की सरळ."

"विकत? छट्!"

झालं! रोज बँकेत. नोटा द्यायच्या, पुडकी घ्यायची, घरी येऊन फोडायची. माझी पद्धत एकदम शास्त्रशुद्ध. चकचकीत नाणी ठेवून घ्यायची आणि भिंगाखाली तपासायची. काळी, कळकट नाणी हातात धरवत नसत. ती सगळी वेचून वेगळी बांधायची आणि बँकेत परत. तीच घाण पुन्हा आपल्या वाट्याला नको, म्हणून त्या पुडक्यांवर लाल पेनाने टिंब! आहे की नाही डोकं?

कॅशियर वैतागला. मला बघितलं की हात जोडायचा, "या मुहंदिस, खलास! यल्ला, घरी जा!" 'या मुहंदिस' म्हणजे 'अहो इंजिनियर', आणि 'यल्ला' म्हणजे 'चला'. मला तो मानच वाटायचा.

मला सहा महिन्यांत काय मिळालं? शून्य! आणि हसनभाई? आधी आठवड्याला एक नाणं, मग तीन, मग एकदम सात! मी जितका राबत होतो, तितकी त्याची चांदी वाढत होती. जेवण जाईना मला. त्याच्या दुकानातून दूध आणणंसुद्धा मी बंद केलं.

चिमी धरून धरून उभी राहायला लागली, आणि एका संध्याकाळी हसनभाई दारात. हातात रुमाल, रुमालात चांदीचे वाळे!

"वहिनी, पुतणीला माझ्याकडून. त्याच नाण्यांचे करून घेतले."

हिचे डोळे भरून आले. मला मात्र राहवेना.

"हसनभाई, तुम्हालाच कशी हो सापडते?"

"अवो साहेब, चांदी काळी पडते ना! काळी नाणीच बघायची. आणि गंमत सांगू? आपल्या मोहल्ल्यात कुणीतरी येडा आहे. काळी नाणी वेचून वेगळी बांधतो आणि वर लाल टिंब देतो! मी कॅशियरला सांगूनच ठेवलंय, ती पुडकी मलाच द्यायची. अल्ला भलं करो त्याचं!"

ही पोट धरून हसायला लागली. "कोण असेल हो तो?"

मी शर्टाच्या खिशातल्या लाल पेनावर हळूच हात ठेवला.

"असेल कुणीतरी अडाणी!"