पिवळ्या फोर्कवरचे फोड

असल्फ्यात आमचा पावडर कोटिंगचा गाळा आहे. नवरा गेल्यावर तो मी चालवायला घेतला. खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी कपाटं, असंच काम यायचं; त्यावर रंगाची पावडर मारायची आणि भट्टीत भाजायचं.

एका सकाळी माझ्या मुलीच्या शाळेतल्या पीटीच्या बाई आल्या. आता निवृत्त. डोंगरात चालवायच्या सायकलच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा, खालचा भाग त्यांनी टेबलावर ठेवला: दोन जाड नळ्या, मधे कमान. बाई येऊरच्या डोंगरवाटेवर पडल्या होत्या, रंग पार खरवडला होता. लंगडत होत्या, पण बोलल्या फक्त रंगाबद्दल. पिवळा हवा होता.

मी ॲल्युमिनियम समजून तो नेहमीसारखा भाजला. भट्टीतून काढला तर गोवर आल्यासारखे बारीक फोड. नळ्यांमधले बुश, म्हणजे वरचे दांडे ज्यांत सरकतात त्या कड्या, काढायचेही राहिले होते, ते करपले. वरच्या तोंडाशी रंगाचा थर इतका जाड बसला होता, की तिथलं तेल अडवणारं रबरी सील आत जाईना.

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर सामान असंच आलं होतं, म्हणून सांगता आलं असतं. मी बाईंना फोन करून बोलावलं.

"बाई, तुमची वस्तू मी बिघडवली."

त्यांनी फोडांवरून अंगठा फिरवला. "नीट होईल?"

"माहीत नाही. पण नीट केल्याशिवाय परत देणार नाही."

"मग करा. माझा गुडघाही अजून वाकत नाहीये."

कुर्ल्यात ओतकाम करणारे एक म्हातारे काका माझ्या ओळखीचे. त्यांनी हातात घेऊन सांगितलं, हे मॅग्नेशियम. ओतीव धातूच्या छिद्रांत हवा अडकते, तापली की वरचा रंग फोडून निघते. रंग काढायला ॲसिडमध्ये मात्र बुडवू नकोस, धातूच खाईल, असंही बजावलं.

म्हणून चार दिवस पॉलिश पेपरनं हातानं घासलं. नखं पिवळी झाली. मुलुंडच्या सायकलवाल्यानं जुने बुश काढून दिले. सीलच्या जागेवर उष्णता सोसणारी टेप लावली, भोकांत सिलिकॉनची बुचं बसवली. मग पावडर न मारता नुसता धातू भट्टीत तापवला, हवा निघून जाऊ दिली. थंड झाल्यावर पावडर मारली. तरी कमानीवर सात-आठ फोड आलेच. रडायला आलं खरं. पण कपाटांचं काम बाजूला ठेवून पुन्हा घासायला बसले, आणि या खेपेला नुसतं तापवणं बराच वेळ चालू ठेवलं.

तिसऱ्यांदा अंग गुळगुळीत निघालं. नवे बुश मी आणून बसवून घेतले. सील अंगठ्याच्या दाबानं आत गेलं.

बाई न्यायला आल्या तेव्हा कमानीच्या आतल्या बाजूला राहिलेला फोडाचा एक टिपका मी स्वतःच दाखवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सायकल चालवायची आहे, आरशासारखी बघायची नाहीये."

पुढच्या रविवारी त्या येऊरला जाऊन आल्या. न पडता.