ओवीला दाखवलेली मुंबई

माझ्या बहिणीची आठ वर्षांची ओवी जन्मापासून पाहू शकत नाही. सुट्टीत ती कराडहून माझ्याकडे आली आणि पहिल्याच सकाळी म्हणाली, “मावशी, मला मुंबई दाखव.” हिला काय दाखवायचं, या विचारातच मी तिला गेटवे ऑफ इंडियाला नेलं.

तिने आधी दगडावरून तळवे फिरवले. मग कमानीखाली उभं राहून जोरात टाळी वाजवली आणि मान वर करून ऐकत राहिली. “अगंबाई, केवढं उंच आहे!” वरची कबुतरं फडफडली, तशी ती हसली. “आणि वर कुणीतरी राहतंय.”

इतकी वर्षं पाहुण्यांना इथे आणून मी फोटो काढले. या जागेचा आवाज कसा आहे, असं कधी मनातही आलं नव्हतं. उंची कानालाही कळत असेल, तर आपण एखादी जागा पाहिली म्हणतो तेव्हा नक्की किती पाहिलेली असते?

“आता तू वाजव,” ओवी म्हणाली. मी वाजवली.

“एवढी हळू? लोक बघतायत म्हणून?”

खरंच बघत होते. मी पर्स तिच्या गळ्यात अडकवली, दोन्ही हात मोकळे केले आणि दणकून टाळी वाजवली.