आतल्या डिस्कला विचारायचं राहिलं

आमच्या इस्पितळाच्या कम्प्युटर विभागात एक माणूस होता, त्याला सगळे चौकशा म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक. बुटका, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला ताई म्हणायचा. मीही त्याला हक्काने झापायची.

माझं काम दुसऱ्या मजल्यावर, आवाजाच्या खोलीत. इस्पितळ घशाचं. ज्यांची स्वरपेटी काढायची ठरते, ते ऑपरेशनच्या आधी माझ्याकडे येतात. भिंतींना स्पंज, एक खुर्ची, एक माइक, एक पाण्याचा तांब्या आणि काचेच्या पलीकडे मी. ते वाक्यं बोलतात, मी ती रेकॉर्ड करते. पुढे त्यातून एक यंत्र तयार होतं. माणसाने टाइप केलं की ते त्याच्याच आवाजात बोलतं. त्याला भरपूर वाक्यं लागतात, चारदोन पुरत नाहीत. माझ्या आधीपासूनची पद्धत अशी की फाइलला पेशंटचं पूर्ण नाव, त्याचा वॉर्ड आणि मग ते आख्खं वाक्यच नाव म्हणून द्यायचं. नावं लांबलचक होतात, पण शोधायला सोपी पडतात.

त्याला चौकशा का म्हणत, तर तो प्रोग्राम लिहिताना काहीही गृहीत धरायचा नाही. प्रत्येक प्रोग्राम सुरू झाला की आधी डिस्कला प्रश्न विचारायचा. तुझ्याकडे फाइलचं नाव किती लांब चालतं? नाव त्याहून लांब आलं तर तू सरळ नाही म्हणतेस, की मुकाट्याने शेपूट कापून ठेवून घेतेस? बाकीचे लोक आकडा पाठ असल्यासारखा ठोकून द्यायचे आणि याची टर उडवायचे. डिस्कची पत्रिका जुळवून बघतोय म्हणायचे. तो हसायचा आणि मला समजावून सांगायचा, ताई, हे आकडे सगळीकडे सारखे नसतात, आणि इंग्रजी अक्षराला डिस्कवर एक घर पुरतं तिथे आपल्या एकेका अक्षराला तीन घरं लागतात, त्यामुळे आपली नावं आधी कापली जातात. मला यातलं अर्धं कळायचं. पण माणूस काळजीने काम करतो एवढं कळायचं, आणि तेवढं मला पुष्कळ होतं.

त्याची बायको बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसायची. काय खणखणीत आवाज बाई! माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जायचा. नवरा तोंडातल्या तोंडात बोलणारा आणि ही अशी. घरात भांडण झालं तर एकटीच भांडते, याचं बोलणं मला ऐकूच येत नाही, असं ती मला सांगायची. त्यांना एक मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला.

तर त्या बाईच्या घशात गाठ निघाली. वाईट जातीची.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, स्वरपेटी काढून टाकायची. जगण्याची आशा चांगली, पण आवाज कायमचा जाणार. दुसरा, नुसते किरण द्यायचे. आवाज बहुतेक राहील, पण गाठ परत येण्याची भीती मोठी. ती दुसऱ्यावर अडून बसली. मुकी होऊन जगायचं नाही मला, म्हणाली. सासू रडली, मुलगी रडली, ती ढिम्म हलेना.

मग चौकशाने तिला माझ्या खोलीत आणलं. खुर्चीवर बसवलं, दुसऱ्या पेशंटचं तयार झालेलं यंत्र ऐकवलं आणि माझ्यासमोर म्हणाला, "तुझा आवाज माझ्या ताब्यात असेल. मी स्वतः सांभाळीन. एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही."

त्याला इतक्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, "मग काढा."

त्याच्या त्या एका शब्दावर तिने स्वरपेटी दिली. हे लक्षात ठेवा.

ती रेकॉर्डिंगला यायची ती नटूनथटून. इस्पितळाने ठरवून दिलेली वाक्यं असतात, खिडकी लावून घ्या, आज भाजी ताजी आहे, असली. ती सगळी बोलून झाली की स्वतःच्या मनाची सुरू करायची. मुलीला हाका, निरनिराळ्या सुरात. नवऱ्याला टोमणे. सासूची नक्कल तर अशी की मी काचेमागे हसून हसून बेजार. मध्येच घसा धरायची, दोन घोट पाणी प्यायची आणि पुन्हा सुरू. तिचं नाव फार लांब, कारण लग्नानंतरही माहेरचं आडनाव तिने सोडलं नव्हतं, दोन्ही लावायची. प्रत्येक फाइलवर ते आख्खं नाव टाइप करताना माझी बोटं दुखायची आणि मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

तिचं रेकॉर्डिंग संपलं आणि आमचा आवाजाचा साठा नव्या डिस्कवर हलवायचं फर्मान आलं. काम अर्थातच चौकशाकडे. त्याने कधी नव्हे इतकी काळजी घेतली. प्रोग्रामने आधी प्रश्न विचारले, नवी डिस्क म्हणाली, लांब नावं चालतात, आणि त्याहून लांब आलं तर मी सरळ नाही म्हणते. मग त्याने हलवायला घेतलं. एकेक फाइल तिकडे लिहायची, लगेच त्याच नावाने उघडून जुनीशी ताडून बघायची, जुळली की पुढची. कुठेही अडलं नाही. सगळं जुळलं असा निरोप पडद्यावर आला तेव्हा त्याने मला खाली बोलावून दाखवला. पेशंटच्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून जुन्या डिस्का फोडून टाकायचा नियम आहे. त्याने सही केली, डिस्का फुटल्या. राखीव प्रतही नव्या साठ्यावरून नव्याने भरली गेली.

त्या दिवशी तिचा घसा शाबूत होता. चार दिवस तरी ती माझ्यापुढे बसून पुन्हा बोलू शकली असती. मला त्या चार दिवसांचा राग येतो, दुसऱ्या कशाचा येत नाही एवढा.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, गाठ मुळापासून निघाली. गळ्याला खाली भोक, त्यातून श्वास. यंत्र बनवणाऱ्या इंजिनियरने फाइली मागितल्या तेव्हा मी तिचा फोल्डर उघडला. त्यात एक फाइल होती.

मला वाटलं चुकीचा फोल्डर उघडला. पुन्हा उघडला. मग दुसऱ्या पेशंटचे बघितले. आखूड नावाच्यांची बरीच वाक्यं होती, लांब नावाच्यांची मोजकी, आणि हिचं एक. मी चौकशाला वर बोलावलं. त्याने बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पेशंटच्या खुर्चीवर बसला आणि मला समजावून सांगू लागला, अगदी नेहमीच्या सुरात, त्याचीच मला भीती वाटली.

त्याने विचारलं होतं ते नव्या डिस्कच्या वरच्या फोल्डरला. पण पेशंटचे आवाज कुलूपबंद ठेवायचे म्हणून त्या फोल्डरच्या आत दुसरीच एक डिस्क जोडलेली होती. बाहेरून बघणाऱ्याला एकच घर, आत दोन संसार. त्या आतल्या डिस्कचे नियम वेगळे. तिच्याकडे नाव फार आखूड चालायचं, आणि लांब आलं की ती नाही म्हणायची नाही, मुकाट्याने कापायची. हिच्या दोन आडनावांतच जागा संपली, वॉर्ड आणि वाक्य कापलं गेलं, आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर जाऊन बसलं. ताडून बघताना प्रोग्रामने लांब नाव दिलं, तेही तसंच कापलं गेलं, आणि समोर आत्ताच लिहिलेली फाइल आली. ती जुळणारच की.

"जिथे लिहायचं तिथे विचारायचं असतं," तो म्हणाला. "मी दारात विचारलं, ताई."

उरलेली फाइल मी लावली. हलवताना सगळ्यात शेवटी आलेलं, इस्पितळाच्या यादीतलं एक वाक्य होतं. तिसऱ्या मजल्यावर कुठली लिफ्ट जाते. आवाज तिचाच, खणखणीत. मुलीच्या हाका गेल्या, टोमणे गेले, सासूची नक्कल गेली, आणि हे राहिलं. मला इतकं रडू आलं की मी दिवा घालवला.

इंजिनियरने हात वर केले. एका वाक्यावर आवाज उभा राहत नाही. वरिष्ठांनी चौकशी बसवली. ज्यांची वाक्यं गेली त्या प्रत्येकाच्या घरी चौकशाने स्वतः फोन केला, शिव्या खाल्ल्या, एकालाही उलट बोलला नाही. पण स्वतःच्या घरी सांगेना. यंत्र तयार होतंय, वेळ लागतो, एवढंच म्हणत राहिला. ती बिचारी रोज बोटांनी खूण करून विचारायची, किती दिवस? शेवटी मीच त्याला दरडावलं. आज तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. तो म्हणाला, तुम्ही बरोबर चला.

ती घरी खिडकीपाशी पलंगावर बसली होती. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर टाइप करायची पाटी. टाइप केलं की ती पाटी तयार आवाजात बोलायची, कुठल्यातरी परक्या, गोड, थंड बाईच्या. मुलगी कॉलेजात होती. मला बघून ती हसली आणि बसायला खूण केली.

त्याने उभ्यानेच सांगितलं. काहीही लपवलं नाही. वरचा फोल्डर, आतली डिस्क, दोन आडनावं, सगळं. आणि मग, "तू माझ्या शब्दावर हो म्हणालीस," असं म्हणाला.

मी पाटी तिच्या हाताशी सरकवली. तिने ढकलून दिली, पाटी पलंगावरून खाली पडली. आणि ती बोलायला लागली.

तोंड उघडत होतं, ओठ हलत होते, भुवया, हात, मान, सगळी ती जशी आगारातल्या खिडकीवर भांडायची तशी. चेहरा लाल झाला. आवाज म्हणून काही नाही, फक्त गळ्यावरचा रुमाल वाऱ्याने उडावा तसा पुढे मागे होत होता आणि आतून फसफस ऐकू येत होती. एकदा तिने मुलीच्या फोटोकडे बोट केलं. एकदा स्वतःच्या छातीवर मूठ मारली. मला एक शब्द कळला नाही. त्यालाही कळला नसणार, कारण तो तिच्या ओठांच्या अगदी जवळ जाऊन बसला होता आणि डोळे बारीक करून बघत होता.

ती बराच वेळ बोलत होती. तो मान हलवत राहिला, हो म्हणत राहिला, आणि काय म्हणालीस असं त्याने तिला एकदाही विचारलं नाही.