धवलारणीची साक्ष

यशोदाबाईंनी आयुष्यात किती लग्नं लावली, हे त्यांना विचारू नये. "मोजली की मोडतात," एवढंच त्या म्हणत आणि पुन्हा मिसरीकडे वळत.

तळोज्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या धुराखाली उरलेल्या एका आगरी गावात त्या धवलारीण होत्या. म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. देवांना, मेलेल्यांना आणि शेवटी नवरानवरीला नावानं हाक मारत गायचं. त्या गाण्यानं लग्न लागायचं. पुढे भटजी आले, मग लाउडस्पीकर आला, आणि यशोदाबाई हळदीपुरत्या उरल्या. गावाचंही तेच झालं होतं. आधी सगळं त्याचंच होतं, आता कागदावर त्याला सेक्टरचा नंबर होता.

धवल्याचा एक नियम होता. जिवंत माणसांची नावं मांडवाबाहेर गाण्यात घालायची नाहीत. घातली की लग्न लागलं, मग कुणी कितीही नको म्हणो. म्हणून यशोदाबाईंच्या आत्यानं, राहीबाईनं, त्यांना शिकवताना भाज्यांची नावं घालून शिकवलं. दुधी आणि पडवळ यांचं लग्न त्यांनी लहानपणी दोनशे वेळा लावलं होतं. "अजून नांदतात," त्या सांगत. "मानसांपेक्षा बरी."

माणसांपैकी सगुणा आणि मिथुन नांदले नाहीत.

त्र्याण्णव साली, माघात, त्यांचं लग्न मिथुनच्याच दारात झालं. भटजींनी त्या दिवशी तीन गावांत तीन मुहूर्त घेतले होते. तिसऱ्यावर ते पोचलेच नाहीत. दुपार कलली, वऱ्हाड कुरकुरू लागलं, तेव्हा यशोदाबाईंनी पदर खोचला आणि लग्न जुन्या रीतीनं लावून टाकलं. तीन वर्षांत मिथुनचा हात तिच्यावर उठायला लागला, आणि सगुणा एका पिशवीत दोन साड्या घालून माहेरी आली. फोटोंचा अल्बम सासरच्या पेटीतच राहिला.

दोन वर्षं वाट पाहून तिनं पनवेलच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला. वकील होती सुमय्या, तळोज्याच्याच कोकणी मुसलमान घरातली, चुणचुणीत मुलगी. मिथुनचं उत्तर आलं ते वाचून ती आधी हसली, मग तिनं सगुणाला बसायला खुर्ची दिली.

"तो म्हणतो, लग्नच झालं नाही. मग घटस्फोट कसला?"

"आनि तीन वर्सं मी त्याच्या घरात काय करत होते?"

"ते त्यानं लिहिलं नाही."

लिहायची गरजही नव्हती. मिथुनचं खांदेश्वरच्या एका मुलीशी जमत आलं होतं आणि तिच्या बापाला बिनलग्नाचा जावई हवा होता. घटस्फोट मिळाला असता तर मिथुन सुटला असता. पण सुटलेला म्हणजे एकदा अडकलेला, हे त्या बापालाही कळत होतं. त्यामुळे सगुणा मुळात बायको नव्हतीच, असं ठरलं. मग ती कोण होती, याला गावात एक शब्द होता. विहिरीवर तो दबक्या आवाजात येऊनही गेला होता.

"वकीलताई, मला त्याच्यापासून सुटायचंय," सगुणा म्हणाली. "पन बायको म्हनून सुटायचंय."

सुमय्यानं तिला कायदा समजावला. हिंदू विवाह कायद्यात भटजी हवाच असं नाही. दोघांपैकी एकाच्या समाजात जी रीत चालत आलीय, त्या रीतीनं लागलेलं लग्नही खरं. पण ते लागलं हे दाखवायला हवं. पत्रिका? छापली नव्हती. फोटो? पेटीत. माहेरची माणसं? ती तिच्याच बाजूनं बोलणार. शेजारी? सगळी मिथुनची भावकी. त्या दिवशी जेवून गेलेल्यांना आता जेवण आठवत होतं, लग्न नाही.

"लावलं कुणी?" सुमय्यानं विचारलं.

म्हणून नव्याण्णवच्या एप्रिल महिन्यात, सत्तरीतल्या यशोदाबाई कोर्टाच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आत जाताना त्यांनी पिंजऱ्याच्या लाकडाला हात लावून नमस्कार केला आणि लाकूड सागाचं नाही, असं शिपायाला सांगितलं.

मिथुनचे वकील उठले. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांना सवय होती.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात का?"

"नाय. म्हनून लक्षात ऱ्हातं."

"आजवर किती लग्नं लावलीत?"

"मोजली नाय. मोजली की मोडतात."

"हे तर न मोजता मोडलं," वकील म्हणाले आणि मागच्या बाकांवर हशा झाला.

"मोडलं ना?" यशोदाबाई म्हणाल्या. "मंग लागलं व्हतं म्हना."

वकिलांनी पुन्हा चष्मा पुसला. न्यायाधीश खाली बघून काहीतरी लिहू लागले. बहुधा काहीच लिहीत नव्हते. मग त्यांनी विचारलं, "आजी, लग्न लावलं म्हणजे नेमकं काय केलं? कोणते विधी? सांगा."

"सांगता नाय येत, सायेब. गावं लागतं. बोलाया गेलं की मधीच तुटतं."

टायपिस्टनं मशीनवरचे हात काढून घेतले. साक्षीदार गाते, हे कसं टाइप करायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मिथुनच्या वकिलांनी हरकत घेतली: हे न्यायालय आहे, मांडव नाही.

"तीच तर पंचाईत हाय," यशोदाबाई म्हणाल्या. "नावं घालून गायलं की लगीन लागतं. दोघां बी हितंच उभी हायत. लागलं तं जबाबदारी कोनाची?"

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं होती.

"कोर्टाची," ते म्हणाले. "हळू आवाजात गा."

यशोदाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. आवाज फाटका होता, पण फाटक्या जाळ्यासारखा. जे धरायचं ते धरत होता. पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी नोटरीचा भाव करत होतं. उंबराची डहाळी आली, घरच्या देवाला बोलावणं गेलं, गावदेवी आली. मग मिथुनच्या घरातली मेलेली माणसं एकेक करून कोर्टात येऊन बसू लागली. पणजा देवजी आला, आजा गंगाराम आला. त्याच्या मागोमाग मिथुनचा बाप शिवा आला, तसं मागच्या बाकावर काहीतरी हललं.

तिथं सुंदराबाई बसली होती, मिथुनची आई. 'तोंड उघडायचं नाही,' एवढंच वकिलांनी तिला चार वेळा बजावलं होतं, आणि सकाळपासून तिनं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. खुद्द मिथुन उभ्या उभ्या जांभई देत होता; या पिढीला गाणं म्हणजे कॅसेट. पण सुंदराबाई ज्या गावात जन्मली त्याच गावात म्हातारी झाली होती. बापानंतर कुणाचं नाव येतं, हे तिला माहीत होतं. आणि यशोदाबाई पहिल्या ओळीपासून न्यायाधीशांकडे नाही, सुंदराबाईकडे बघून गात होत्या.

"शिवाचा लेक गो, नवरा कोन..." यशोदाबाईंनी सूर लांबवला. जरा जास्तच लांबवला.

"बास गो यशोदे!" सुंदराबाई ताडकन उठली. "येकदा लावलंस तेच निस्तरताव! परत नको बांदू माज्या पोराला!"

गाणं थांबलं. मिथुनची जांभईही अर्ध्यावर थांबली.

"या बाई कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

यशोदाबाईंनी पदर सारखा करत सांगितलं, "वरमाय."

न्यायाधीशांनी सुंदराबाईला पुढं यायला सांगितलं. "'एकदा लावलंस' म्हणजे काय, ते जरा शपथेवर सांगा." ती पुढं यायच्या आत मिथुनच्या वकिलांनी चष्मा खिशात ठेवला आणि पक्षकाराशी बोलायला वेळ मागितला. जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये ते मिथुनशी बोलले. बोलणं फक्त त्यांचंच ऐकू येत होतं.

सुट्टीनंतर मिथुननं लग्न कबूल केलं. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा ठरला. पण सही केली की तिथल्या तिथं मोकळीक, असं नसतं. विचार बदलायला कायदा सहा महिने देतो, मग दोघांनी पुन्हा येऊन तेच सांगायचं.

"लगीन लावाया सा घटका," बाहेर येताना यशोदाबाई म्हणाल्या, "सोडवाया सा म्हयने. म्हंजे गाठ मी चांगलीच मारते."

"मावशी, खरं सांगा," सुमय्यानं हळूच विचारलं. "सुंदराबाई उठली नसती, तर तुम्ही नाव घातलं असतंत?"

"तुना येवढा कायदा येतो, नि हे इचारतस?" असं म्हणून यशोदाबाई उसाच्या रसाच्या गाड्याकडे निघाल्या.

खांदेश्वरचं स्थळ त्याच आठवड्यात परत गेलं. डिसेंबरात सगुणा आणि मिथुन एकमेकांकडे न बघता पुन्हा हजर झाले आणि तेच म्हणाले. हुकुमाची नक्कल हातात आली तेव्हा ती इंग्रजीत होती. सुमय्यानं कोर्टाच्या पायरीवर बसून सगुणाला मराठीत सांगायला सुरुवात केली.

"अर्जदार आणि जाबदार यांचा विवाह त्यांच्या समाजाच्या रूढीप्रमाणे रीतसर झाला होता..."

"थांबा," सगुणा म्हणाली. "परत वाचा."

सुमय्यानं वाचलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून न विचारताच आणखी एकदा वाचलं.

"पुढं तुझी सुटका आहे गं. ती तरी ऐक."

"ऐकते ना ताई," सगुणा पायरीवर मांडी घालून बसली. "ती कुठं पळून जातेय?"