काटेमास्तरांची बोटं

काटेमास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. 'मास्तर' ही पदवी गॅरेजमधल्या लोकांनी दिलेली आणि 'काटा' लागला तो त्यांच्या हातामुळे. तराजूचा काटा एखादवेळी चुकेल, पण बोल्ट किती आवळायचा याचा मास्तरांचा अंदाज चुकायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक बोल्टला किती जोर द्यायचा ते ठरलेलं असतं. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. ठरवलेला जोर भरला की तो 'कट्' असा आवाज करतो, आणि शहाण्याने तिथेच थांबायचं असतं. एकदा असा पाना विकायला एक विक्रेता आला होता. "मास्तर, माणसाच्या हाताचा काय भरवसा?" असं तो हसत म्हणाला. मास्तरांनी साध्या पान्याने बोल्टांची एक अख्खी ओळ आवळली आणि त्याला सांगितलं, "लाव आता तुझं यंत्र." पाना लावला की कट्, लावला की कट्, एकही बोल्ट तसूभर हलला नाही; पान्यावरचा जोराचा आकडा किंचित वाढवला, तेव्हा कुठे हलले. विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणतात.

पाना शेवटी त्यांच्या मेहुण्याने घेतला. बायकोचा हा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये त्यांचा भागीदार होता. तो प्रत्येक काम पान्यानेच करायचा आणि मास्तर त्याला चिडवायचे, "सांभाळून रे, कुबडी घरी विसरशील एखाद दिवशी!"

त्या वर्षी झाडांची पानं गळायला लागली तेव्हापासून मास्तरांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. हात झटकला की जरा बरं वाटायचं. वय झालं, थंडी आहे, पाना धरून धरून हात आखडला, असं काहीबाही ते स्वतःला सांगत राहिले. मेहुण्याला बोलले नाहीत, बायकोला तर मुळीच नाही. ज्या हातावर नाव कमावलं तोच दगा देतोय, हे सांगायला जीभ रेटेना. मग एक दिवस मुंग्या थांबल्या. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुखणं आपल्या पायांनी आलं, आपल्या पायांनी गेलं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ड्रायव्हरबाई गाडी घेऊन आल्या. या बाई भाड्याची गाडी चालवायच्या, चोख आणि शिस्तीच्या. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा म्हणजे ठेवायचा. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर. त्यांच्या इंजिनाजवळ पेट्रोलचा ओलावा दिसत होता. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांच्या रबरी रिंगा कडक झाल्या होत्या. काम तसं रोजचंच. इंजेक्टरांच्या डोक्यावर पेट्रोलची एक आडवी नळी बसते, गॅरेजमध्ये तिला रेल म्हणतात. रेल काढायची, रिंगा बदलायच्या, रेल परत बसवायची आणि बोल्ट आवळायचे. मेख आहे ती या आवळण्यातच. एक बाजू घट्ट आणि एक सैल राहिली, तर रेल तिरकी बसते आणि रिंग चेपते. सगळंच सैल राहिलं, तर इंजिनाच्या थरथरीने बोल्ट आणखी सुटत जातात. आणि आत पेट्रोल दाबाखाली असतं. वाट मिळाली की ते थेंबाथेंबाने तापलेल्या इंजिनावर यायला लागतं.

मास्तरांनी बोल्ट साध्या पान्याने, हाताच्या अंदाजानेच आवळले. गाडी चालू करून पाहिली, सगळं कोरडं ठणठणीत. बाहेर तीन म्हाताऱ्या बहिणी बाकावर बसून वाट पाहत होत्या. डोंगरापलीकडे त्यांची चौथी बहीण राहायची, तिच्याकडे निघाल्या होत्या. ड्रायव्हरबाईंनी त्यांना गाडीत बसवलं, पिशव्या मागे टाकल्या आणि गाडी गेलीसुद्धा.

मास्तर हात धुवायला नळाकडे वळले, तोच मेहुणा म्हणाला, "भावोजी, रक्त!"

"कुठे?"

"अहो, तुमच्या बोटाला. केवढं कापलंय!"

मास्तरांनी हात उलटा करून पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या पेरावर चांगली खोल चीर होती. रक्त तळहातावरून मनगटापर्यंत आलं होतं. कुठल्यातरी पत्र्याची कड लागली असणार. कधी लागली, ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हाताच्या नखाने ती जखम दाबली. काही नाही. जणू ते बोट दुसऱ्या कुणाचं होतं.

मुंग्या बऱ्या झाल्या नव्हत्या. मुंग्या कळायलाच काही उरलं नव्हतं.

"पाना आण," मास्तर म्हणाले.

"आधी पट्टी तर बांधू या."

"पाना आण म्हणतो ना!"

त्यांनी टेबलावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, एका जुनाट इंजिनाचा तुकडा धरला आणि त्यावर हाताने एकेक बोल्ट आवळला, नेहमीसारखा, 'झाला' असं वाटेपर्यंत. मग टॉर्क पाना लावला. पाना फिरला. फिरतच राहिला. केव्हातरी उशिरा कट् वाजला. दुसरा बोल्ट त्याहून सैल. तिसऱ्यावर पान्याचा आकडा वाढवत नेला तरी बोल्ट हलायच्या आधीच कट्. तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त घट्ट होता. हाताला ना सैल कळत होतं, ना घट्ट.

मास्तरांनी पाना खाली ठेवला. "फोन लाव तिला."

फोन बंद होता. असणारच होता.

दोघे मेहुण्याच्या गाडीत बसले. मेहुण्याने निघता निघता नव्या रिंगा, पाना, फडकी आणि आग विझवायचं लाल नळकांडं मागे टाकलं. शहर मागे पडलं. चढ लागल्यावर त्याने विचारलं, "किती दिवसांपासून?"

"पानगळीपासून."

मेहुण्याने स्टिअरिंग आवळून धरलं. "पानगळीपासून? आणि मला आज कळतंय? दूधवाल्याच्या गाडीचे ब्रेक कुणी केले? त्या शिक्षिकेच्या गाडीची चाकं?"

"मी."

"भावोजी, बहिणीचा नवरा नसता ना, तर इथेच उतरवलं असतं तुम्हाला."

मास्तरांनी मान खाली घातली. खरं बोलणं जिव्हारी लागतं. मग ते काचेतून पुढे बघत राहिले. वळणावर कुठे धूर दिसतो का, एवढंच ते बघत होते. चढावर इंजिन तापतं, हे त्यांना पाठ होतं. डोंगरात बोगदा होता. बोगद्यात गाडी थांबली आणि ठिणगी पडली तर... पुढचा विचार ते करेनात, आणि तो सुटेनाही.

बोगद्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. आत कुणाचा तरी ट्रक बंद पडला होता. मेहुण्याने गाडी थांबवायच्या आत मास्तर दार उघडून पळत सुटले. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस, हाताला रक्ताळलेलं फडकं. लोक काचा खाली करून बघायला लागले. आपल्याला पळता येतं हे मास्तरांनाही त्याच दिवशी कळलं.

बोगद्याच्या तोंडाशी ती गाडी दिसली. इंजिन चालूच होतं. गाडीजवळ पोचायच्या आधीच मास्तरांच्या नाकात वास भरला. आणि गाडीच्या पुढच्या चाकाशी, रस्त्याच्या कडेला, रांगेतला एक कंटाळलेला माणूस सिगारेट ओढत उभा होता.

"लांब जा!" मास्तर ओरडले. "विझवू नका इथे, तशीच घेऊन लांब जा!"

त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की तो माणूस न विचारता मागे पळाला.

"किल्ली फिरव! बंद कर आधी!"

"काय झालं मास्तर?" ड्रायव्हरबाई गोंधळल्या.

"आधी बंद, मग विचार. सगळ्या उतरा. पिशव्या राहू देत."

इंजिन थांबलं. तिघी बहिणी एकमेकींना धरत उतरल्या. थोरली तणतणली, "मी मघापासून सांगत होते, वास येतोय!"

"तुला तर धाकटीच्या लग्नातही वास आला होता," मधली म्हणाली.

"तेव्हाही खराच आला होता!"

मेहुणा नळकांडं घेऊन धावत आला. मास्तरांनी त्याला बाजूला उभं केलं आणि बॉनेट हळूच वर उचललं. रेलच्या एका टोकाशी ओलं चकचकत होतं. तिथून एक थेंब फुगला, सुटला, तापलेल्या धातूवर पडला आणि बघता बघता उडून गेला. मागोमाग दुसरा फुगायला लागला.

"बॅटरीची तार काढू?" मेहुण्याने विचारलं.

"नको. तार काढताना ठिणगी पडेल. आधी वारा लागू दे."

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. गाडीला हात लावून सगळ्यांनी ती कडेच्या मोकळ्या जागेत ढकलली आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. इंजिन निवेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. ड्रायव्हरबाई मास्तरांसमोर आल्या. "पाईप फुटला का?"

"जुनी गाडी आहे, होतं असं कधीकधी..." मेहुण्याने सावरायला सुरुवात केली.

"खोटं बोलू नकोस," मास्तर म्हणाले. मग बाईंकडे वळले. "चूक माझी आहे. माझ्या बोटांची जाण गेलीय. हे मला आज कळलं, पण हात बिघडलाय हे आधीच माहीत होतं. तरी मी हातानेच आवळलं."

बाईंनी गाडीकडे पाहिलं. बोलल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "माझ्या गाडीत तीन म्हाताऱ्या होत्या, मास्तर."

"म्हाताऱ्या कुणाला म्हणतेस गं?" मागून धाकटी म्हणाली. पण हसलं कोणी नाही.

काम मेहुण्याने केलं. मास्तर हात पाठीमागे बांधून उभे राहिले. गाडीला त्यांनी बोटही लावलं नाही, फक्त तोंडाने सांगत राहिले. बोल्ट सोडताना भोवती फडकं गुंडाळ, आतला दाब त्यात जिरू दे. बोल्ट बाहेर आले, रेल उचलली, तेव्हा खालची नवीकोरी रिंग एका अंगाला चेपून फाटलेली निघाली. मेहुण्याने ती तळहातावर घेऊन मास्तरांना दाखवली. मास्तरांनी ती नीट पाहिली, नजर चुकवली नाही.

दुसऱ्या रिंगांना तेलाचं बोट लावून मेहुण्याने इंजेक्टर सरळ दाबून बसवले. "आता सगळे बोल्ट आधी नुसते चिमटीने लाव," मास्तर म्हणाले. "रेल टेकली का दोन्हीकडे? मग पाना. एकदम शेवटपर्यंत नको. थोडा इकडचा, थोडा तिकडचा."

"माहीत आहे मला, भावोजी."

"माहीत आहे तुला," मास्तर म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले.

कट्. मग पलीकडून कट्. सगळीकडचं पेट्रोल पुसून, वाऱ्याने वास पार गेल्यावर बाईंनी किल्ली नुसती अर्धी फिरवली. पंप घुरघुरला, रेलमध्ये दाब भरला. मेहुण्याने कोरडा कागद प्रत्येक सांध्याखालून फिरवला. कागद कोरडाच राहिला. मग इंजिन चालू केलं, परत कागद फिरवला, पुन्हा कोरडा. एव्हाना रांग हलायला लागली होती.

ड्रायव्हरबाईंनी पुढचं दार उघडलं. "बसा."

"मी?"

"तुम्हीच. माझ्या शेजारी. बोगदा पार होईपर्यंत तुम्ही या गाडीत बसणार."

मास्तर बसले. मेहुणा आपल्या गाडीतून मागोमाग निघाला. बोगदा लांबलचक होता, पिवळ्या दिव्यांचा. गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या. मास्तर श्वास घेत होते तो वास घेण्यापुरता. मागे थोरली बहीण मध्येच मोठ्याने हुंगायची आणि प्रत्येक वेळी मास्तर मागे वळून बघायचे. "नाही," ती म्हणायची, "हा धुराचा आहे." मधली तिच्या खांद्यावर झोपली होती. बाई सरळ समोर बघत गाडी चालवत होत्या. पलीकडचा उजेड दिसला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मास्तरांकडे पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि म्हणाल्या, "उतरा आता."

त्या दिवशी घरी गेल्यावर मास्तरांनी बायकोसमोर हात पुढे केला. काही सांगायच्या आत ती म्हणाली, "मी वाटच बघत होते, तुम्ही कधी सांगताय. दोन ऋतू झाले, तुम्ही बटणाचा शर्ट घातलेला नाही. सारखे डोक्यातून घालायचे कपडे. मी काय आंधळी आहे?"

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही भांडी आपटलीत."

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. मनगटात नस दबली होती. लवकर आला असतात तर सोपं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता शस्त्रक्रिया करू, किती परत येईल सांगता येत नाही. मास्तर तयार होते, फक्त थोडी मुदत मागून घेतली.

त्या मुदतीत त्यांनी पानगळीपासून हाताखालून गेलेली एकेक गाडी परत बोलावली. फोन स्वतः केले. "गाडी घेऊन या, माझं काम पुन्हा तपासायचंय, माझा हात बिघडला होता," असं सरळ सांगायचे. कुणी हसण्यावारी नेलं, कुणी आईबापांचा उद्धार केला. बऱ्याच गाड्या ठीक निघाल्या. दूधवाल्याचे ब्रेक ठीक होते. शिक्षिकेच्या गाडीच्या एका चाकाचे नट मात्र हाताने फिरतील इतके सैल होते. ते बघून मेहुणा जमिनीवरच बसला. शिक्षिकेने दोघांचं बोलणं ऐकून घेतलं, चाक घट्ट करून घेतलं आणि पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढली नाही. मास्तरांनी तिला दोष दिला नाही.

शस्त्रक्रियेनंतर अंगठ्याला जाण आली, शेजारच्या बोटाला निम्मी आली, मधल्याला आलीच नाही. मास्तर आता इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतात, मेहुणा काम करतो. सोपं काम ते स्वतः करतात, पण पान्याने. आणि पेट्रोलच्या किंवा ब्रेकच्या बोल्टवर त्यांचा पाना वाजला तरी मेहुणा मागून आपला लावून बघतो. सुरुवातीला त्यांना ते झोंबायचं. आता तो विसरला तर तेच हाक मारतात.

ड्रायव्हरबाईंनी गॅरेज सोडलं नाही. बॉनेट उघडं असेपर्यंत त्या उभ्याच असतात. शेवटचं कट् ऐकल्यावर बॉनेट स्वतः लावतात आणि मगच मास्तरांनी पुढे केलेला चहा घेतात.